चुना, चुका आणि कोरी भिंत

पुणतांब्यात भिंतीची गोष्ट कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. चांगदेव म्हटले की वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला योगी आठवतो, आणि भिंतीवर बसून त्याला सामोरी गेलेली ज्ञानदेव, मुक्ताबाई अशी चार भावंडे. त्याआधीची गोष्टही लहान पोरांना पाठ असते. मायना काय लिहावा हेच सुचेना, म्हणून चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले आणि त्या कोऱ्या कागदाचे उत्तर 65 ओव्यांत आले. माझ्या आत्याच्या ओसरीवर या चालत्या भिंतीचे चित्र होते, कॅलेंडरातून कापून काचेत बसवलेले. घराची डागडुजी निघाली, गिलावा नवा झाला आणि त्या धांदलीत काच फुटून चित्र भिजले. भिंत कोरी राहिली. "आता इथं काय लावायचं गं?" असे आत्याने विचारले, आणि या लेखाची सुरुवात तिथे झाली.

तिला तयार चित्र नको होते. रंगकाम चालू असल्यामुळे घरात अर्धी पिशवी व्हाइट सिमेंट, पुट्टीचा उरलेला गोळा, चुका म्हणजे बारीक खिळे, बाइंडिंग तार आणि गेरू पडून होता. आपल्याकडे गावातले हार्डवेअरचे दुकान निम्मे शेतीचे असते. पाइप, कॉक, सुतळी, कोंबड्यांची जाळी, लोखंडी वायसर, फेविकॉल, स्टेनरच्या ट्यूबा असे सगळे एकाच छताखाली मिळते. या मालातून भिंतीवर लावण्याजोगी वस्तू घरी करता येते का, ती टिकते का, आणि टिकली तर रोज बघावीशी वाटते का, या प्रश्नांमागे मी दीड-दोन वर्षे हिंडले. गवंडी, रंगारी, सुतार यांना विचारले, जुन्या भिंती पाहिल्या, स्वतः करून बिघडवले. माझे मत आधीच सांगते. माल स्वस्त आहे म्हणून चित्र बिघडत नाही. बहुतेक चित्रे मागच्या बाजूने बिघडतात, कारण करणारा पुढच्या रंगरूपात गुंततो आणि भिंतीची चौकशी करत नाही.

पहिला धडा आम्हाला आषाढात मिळाला. मे महिन्यात मी उत्साहाने ओसरीच्या भिंतीवर थेट पीओपीची वेल उठवली होती. पाने कोरली, त्यांवर गेरूचा हात दिला, पाहुण्यांनी कौतुक केले. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाने फुगली आणि एकेक करून खाली आली. मागे भिंतीवर पांढरी भुकटी. रंगारी आला, त्याने बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी ठोकून पाहिली, बद्द आवाज कुठे येतो ते ऐकले आणि म्हणाला, "मावशी, भिंत अजून पाणी पिती. तिच्यावर काय बी लावा, ती ढकलूनच देणार."

तो लोणा होता. गोदाकाठच्या या पट्ट्यात तो का लागतो हे समजून घेण्यासारखे आहे. जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. वर शंभरेक वर्षांचे कालव्याचे पाणी आणि उसाचे पीक. जमिनीतले क्षार विरघळून त्या पाण्याबरोबर पायातून भिंतीत चढतात. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याला आतून रेटतात. जुनी घरे दगड-मातीची, वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा लेप. त्या लेपातून ओल बाहेर पडायची, भिंत श्वास घ्यायची. डागडुजीत त्यावर सिमेंटचा गच्च गिलावा बसला की ओलीला वाट उरत नाही, ती आणखी वर चढते. अशा भिंतीवर पीओपी म्हणजे जिप्सम लावणे चुकीचेच. जिप्सम भाजून त्यातले बरेचसे पाणी काढले की पीओपी होते. पाणी घातले की काही मिनिटांत ते पुन्हा दगडासारखे घट्ट होते, पण सततच्या ओलीत त्याची ताकद जाते.

म्हणून चित्राच्या आधी परीक्षा भिंतीची घ्यावी. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दोन दिवस ठेवायचा. आतून दव धरले तर थेट भिंतीवर काहीच करायचे नाही. मग चित्र फळीवर करायचे आणि टांगायचे. बारा मिलिमीटरची प्लाय घ्यावी, तिला पुढून, मागून आणि कडांनाही प्रायमरचे अस्तर मारावे. मागची बाजू उघडी सोडली की फळी एका अंगाने ओल पिते आणि वाकते. मागे चार कोपऱ्यांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे चिकटवले की फळी आणि भिंत यांच्यात बोटभर हवा खेळते. एवढे केल्यावर आत्याच्या त्याच भिंतीवरचे पुढचे काम दोन पावसाळे राहिले. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत म्हणून सगळे तीच घेतात, पण ओलीत ती पावासारखी फुगते. कोरड्या खोलीतच वापरावी.

आता मालाकडे. या सगळ्या पसाऱ्यात मला सर्वांत श्रीमंत वाटला तो चुना आणि त्याच्या सोबतीचे मातीचे रंग.

कळीचा चुना विरवून, मुरवून, चाळलेल्या वाळूत मळला आणि फळीवर ठोकलेल्या जाळीवर थापला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होऊ लागतो. हा लेप ओला असताना नुसत्या पाण्यात कालवलेला गेरू लावला तर डिंकाचीही गरज नाही, चुनाच रंगाला धरून ठेवतो. सुकलेल्या लेपावर काम करायचे तर बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून त्यात गेरू खलावा. मात्र चुना सगळ्या रंगांना पोटात घेत नाही. गेरू, पिवडी, रेड ऑक्साइड, काजळी हे रंग त्याच्याजवळ निवांत राहतात. हळद राहत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी याच मार्गाने करत, आणि तो लालही उन्हात उडून जातो. नव्या सिमेंटच्या गिलाव्यालाही हेच लागू आहे. तो चुन्याइतकाच तिखट असतो, म्हणून त्याला महिनाभर सुकू द्यावे आणि मग रंग लावावा.

निळ्या रंगाची हकिकत मला फार आवडली. अजिंठ्याच्या चित्रकारांनी निळा रंग लाजवर्दाच्या दगडातून मिळवला, आणि तो दगड दूर अफगाणिस्तानाकडून यायचा. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे याने त्याच घडणीचा निळा रंग भट्टीत तयार करण्याची रीत काढली, आणि पुढे तो कपड्यांना घालायच्या पावडरीच्या निळीत येऊन बसला. म्हणजे अजिंठ्यात मोजूनमापून वापरलेला निळा आज पुणतांब्याच्या दुकानात पुडीत मिळतो. पातळ बाटलीतली नीळ मात्र घेऊ नये. ती वेगळ्या जातीचा रंग आहे, भिंतीवर टिकत नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालचे अस्तरही याच दुकानातले वाटावे असे आहे. दगडावर मातीचा लेप, त्यात भाताचा भुसा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर सुक्या पृष्ठावर सरसात कालवलेले रंग. भुसा हौस म्हणून घातलेला नाही. सुकताना माती आवळते तेव्हा तो तिला तडकू देत नाही. आपल्या आज्या सारवणाच्या मातीत भुसा आणि शेण याच कारणासाठी घालत होत्या.

वारली चित्रांचा धडा याच वाटेवर येतो. ठाणे-पालघरच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवासिनी काढत आल्या. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाचे पीठ, पाणी, डिंक आणि चावून कुंचा केलेली बांबूची काडी, एवढाच माल. 1970 नंतरच्या पहिल्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांत गेले आणि जिव्या सोमा मशे यांचा हात जगापुढे आला. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. एक पांढरा रंग, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, यांच्यापुढे त्यांना काही लागले नाही. आज शहरात आणि गावातही वारलीचे छापील स्टिकर भिंतीला लागतात. ज्यांना हाताने करायचे आहे त्यांनी मशे यांच्या चित्रांतली माणसे नीट पाहावीत. ती धावतात, वाकतात, भात लावतात, जाळे टाकतात. पण देवचौक तेवढा उचलू नये असे मला वाटते. पालघाट देवीचा तो चौक विधीचा आहे, लग्न असेल तेव्हाच काढायचा. आपल्या दिवाणखान्यात आपल्या गावची माणसे काढावीत. ऊसतोडीची गाडी, कांद्याची चाळ, रेल्वेच्या फाटकाशी थांबलेली माणसे. पुणतांबा हे दौंड-मनमाड मार्गावरचे जंक्शन आहे, इथून शिर्डीचा फाटा निघतो. या गावात रोज बघण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या घरांतही भिंतीवर काढायची सवय होतीच. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे, लग्नघरी दाराच्या दोन्ही अंगांना कलश, केळीचे खांब, भालदार-चोपदार आणि वर गणपती. गावचा पेंटर ते गेरूत आणि चुन्यात काढायचा, पुढे ऑईल पेंटमध्ये काढू लागला. काम झाले की ते पुढच्या चुनाकामात पुसले जायचे. कायमचे राहिले पाहिजे ही अपेक्षाच नव्हती, आणि त्यामुळे हात मोकळा राहायचा. आज घरी काही करायला बसलेली माणसे पहिल्याच कामावर कायमपणाचे ओझे टाकतात आणि मग रेघ ओढायला घाबरतात.

सिमेंट आणि पुट्टीचे उठाव घरगुती कामात सर्वांत जास्त केले जातात आणि सर्वांत जास्त तडकतात. कारण साधे आहे. पुट्टी पातळ थरासाठी असते, एका हाताला जेमतेम दीड मिलिमीटर. तिची जाड फुले, जाड पाने केली की सुकताना भेगा पडणारच. रंगारी लांबी भरताना एक हात मारतो, सुकवतो, पॉलिश पेपरने घासतो, मग दुसरा हात. तीच शिस्त इथे पाळावी. जाड उठाव हवा असेल तर आतला गाभा व्हाइट सिमेंट आणि बारीक चाळलेल्या वाळूचा करावा, फळीला आधी कोंबड्यांची जाळी ठोकून घ्यावी म्हणजे माल धरून राहतो, आणि वरची कातडी तेवढी पुट्टीची ठेवावी. सिमेंटचे काम संपले की ओले गोणपाट टाकून आठवडाभर त्याला पाणी पाजायचे. गवंडी स्लॅबला पाजतो तसेच. घाईने उन्हात वाळवलेला तुकडा बोटाने खरवडला तरी भुगा होतो.

वजनाचा हिशेब आधी करावा. दोन फूट बाय दोन फूट फळीवर अर्धा इंच सिमेंटचा थर दिला तर तो थरच नऊ-दहा किलो भरतो. एवढे ओझे एका चुकेवर टांगणे धोक्याचे. ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू, तेही दोन ठिकाणी. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे जुन्या लोकांनी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या त्या शोधाव्यात, किंवा वरच्या तुळईवरून तार सोडावी. पाळण्याच्या किंवा खाटेच्या वर असे काही कधीच लावू नये.

लहान मुलांना हाताशी धरायचे तर चुका आणि दोरा यांसारखे दुसरे काम नाही. फळीवर वर्तुळ काढून दर दहा अंशांवर एक अशा 36 चुका ठोकायच्या. पहिल्या चुकेवरून तेराव्या चुकेला, दुसरीवरून चौदावीला, असा दोरा नेत गेले की सगळ्या रेघा सरळ असूनही मध्ये आपोआप एक गोल उमटतो. सरळ दोऱ्यांतून वळण तयार होताना मुले बघत राहतात. आत्याच्या शेजारची सातवीतली मुलगी हे करताना कोनमापक स्वतःहून मागायला आली. या खेळाचे मूळ मेरी एव्हरेस्ट बूल यांच्याकडे जाते. मुलांना भूमिती हातांनी कळावी म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर दोऱ्याने वक्ररेषा शिवण्याची युक्ती काढली. ज्यांच्या नावाने हिमालयाचे शिखर ओळखले जाते ते हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे त्यांचे काका. पुढे जर्मनीत ग्युंटर उकर यांनी 1957 च्या सुमारास फळ्यांवर हजारो खिळे ठोकून नुसत्या सावलीचे काम उभे केले. तिथे दोरा नाही. ऊन सरकेल तशी खिळ्यांची सावली सरकते. पूर्वेच्या खिडकीजवळ असे लहानसे काम करून बघावे. खिळ्यांच्या डोक्यांना आधी रेड ऑक्साइड किंवा वार्निशचा हात द्यावा, नाहीतर पहिल्याच श्रावणात गंजाचे ओघळ खाली येतात.

गोणपाटाविषयी थोडक्यात. इटलीचे अल्बेर्तो बुरी हे डॉक्टर. युद्धकैदी म्हणून टेक्सासच्या छावणीत असताना ते पोत्यांवर चित्रे काढू लागले, आणि 1950 नंतरच्या त्यांच्या फाटक्या, शिवलेल्या पोत्यांच्या चित्रांनी युरोपचे लक्ष वेधले. आपल्याकडे मुंबईचे चित्रकार अ. अ. रायबा तागाच्या कापडावर चित्रे करत. शेतकऱ्याच्या घरी जुनी गोणी असतेच. ती धुऊन, लाकडी चौकटीवर ताणून, तिला सरस आणि खडूपावडरीचे अस्तर दिले की उत्तम खडबडीत पाट मिळतो. शिवण आणि ठिगळ झाकू नये, ते चित्रात घ्यावे.

पाइपच्या कापलेल्या चकत्या चिकटवून, त्यांवर सोनेरी रंग फवारून केलेली फुले सध्या बरीच दिसतात. मी केली, मला ती आवडली नाहीत. पाइपचा गुळगुळीतपणा रंग धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात, आणि एका घरातले फूल दुसऱ्या घरातल्या फुलासारखेच असते. कच्छमधल्या भुंगा नावाच्या गोल घरांत माती आणि जनावरांचे शेण यांचे जे आरशाचे लिंपण बायका करतात, त्याचे तयार सामानही आता एमडीएफच्या चकत्यांवर मिळते. त्यात हाताला काम आहे, डोळ्यांना शिस्त लागते, म्हणून त्याला माझा विरोध नाही. पण आपल्याकडचे सारवण, कणा, देवळीभोवतीची नक्षी मातीत उठवायला कुणी बसत नाही याचे वाईट वाटते.

ऑईल पेंटला मात्र कुणी हलका माल समजू नये. पिकासोने घराला लावायचा रिपोलिन हा तयार रंग आपल्या चित्रांत वापरला होता हे तपासणीत सिद्ध झाले आहे. आपल्या प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंगात चित्रे केली. घड्याळ, पान, कात्री, डबा अशा घरातल्या वस्तू त्या सपाट, शांत रंगात मोकळ्या जागेत तरंगत राहतात. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'कोरा कॅनव्हास'. मोठ्या भिंतीवर थोडे ठेवायचे आणि बाकी मोकळे सोडायचे, हे शिकायला त्यांची चित्रे पाहावीत. घरगुती कामाची सर्वांत मोठी खोट भरगच्चपणाची असते. माल उरला आहे म्हणून तो लावला जातो. एक व्यवहाराची सूचनाही द्यायला हवी. पांढरा ऑईल पेंट अंधाऱ्या खोलीत पिवळा पडतो, तिथे पाण्याचा रंग बरा.

आता धोक्याचे, आणि हे मी कळकळीने लिहिते. जुन्या दाराच्या फळ्या, जुनी चौकट घासून त्यावर काम करायची पद्धत वाढली आहे. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचे रंग घरोघर दारांवर आहेत. ते कोरडे घासले की धूळ उडते, मुलांच्या पोटात जाते, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसे कायमचे अपाय करते. जुना रंग घासायचाच असेल तर ओल्या पॉलिश पेपरने, घराबाहेर, मुले जवळ नसताना, आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो, एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नये. विरवलेला चुना विकत मिळाला तर तोच घ्यावा. ओल्या सिमेंटने हात भाजतात, लगेच कळत नाही, रात्री कळते. हातमोजे घालावेत.

हे कला की हस्तव्यवसाय, असे मला एका व्याख्यानानंतर कुणी विचारले होते. चंडीगडला रस्त्याच्या खात्यात काम करणारे नेक चंद यांनी 1957 पासून फुटक्या फरशा, बांगड्या, भांडी गोळा करून जंगलात गुपचूप एक नगरी उभी केली, आणि 1976 मध्ये ती लोकांसाठी उघडली. त्यांना तो प्रश्न पडला असेल असे वाटत नाही. ते जो तुकडा उचलत त्याचा रंग, जाडी, मोडलेली कड नीट बघत, आणि मग तो कुठे बसेल ते ठरवत. मला घरगुती कामात तेच शोधावेसे वाटते. गवंड्याला आपल्या थापीखालचा माल किती ओला आहे हे आवाजावरून कळते, रंगाऱ्याला अस्तर कुठे कमी पडले ते तळहात फिरवून कळते. त्यांच्यापाशी अर्धा दिवस बसणे हे या कामातले खरे शिक्षण. आमच्याकडे आलेल्या रंगाऱ्याने मला लांबीचा पत्रा कसा धरायचा ते शिकवले, आणि त्याचे पैसे घ्यायला नकार दिला.

आत्याच्या ओसरीवर आता तीन फूट रुंदीची फळी आहे. कॅलेंडरचे चित्र गेले त्याच्याच जागी, त्याच प्रसंगाची. तीत उठाव फक्त भिंतीला आहे. जाळी, चुना आणि गोदावरीची चाळलेली वाळू, वर थापीचे वळ तसेच राखलेले. चार भावंडे गेरूत सपाट काढली आहेत. मुक्ताबाई आत्याने स्वतः काढली, इतरांपेक्षा जरा मोठी झाली ती तशीच ठेवली. उजवीकडची निम्मी फळी अजून मोकळी आहे. तिथे चांगदेव आणि वाघ यायचे आहेत. पिवडी आणून, भिजवून ठेवली आहे. वाघाच्या पट्ट्यांना आत्या चुलीची काजळी धरते आहे. चुना पुरता सुकला की दिवाळीनंतर तिथे हात घालायचा, असे ठरले आहे.